नाडकर्णी येऊन गेले

"आडनाव मासे खाणारं हवं," भावोजी म्हणाले.

विजयदुर्ग मागे पडलं होतं. रस्ता चढला की उजव्या हाताला समुद्र दिसायचा, उतरला की काजूच्या झाडांआड जायचा. गाडी माझी, म्हणून मी चालवत होतो. भावोजी शेजारी नकाशा उघडून बसले होते, आणि रस्ता नकाशाप्रमाणे चाललाय की नाही ते तपासत होते. ताई मागे, खिडकीपाशी, नाकाला पदर लावून. मासळी वाळत घातलेलं तिसरं गाव नुकतंच गेलं होतं.

"आपलं आडनाव काय वाईट आहे?" ताई म्हणाली.

"गिजरे म्हटलं की कराड, आणि कराड म्हटलं की गौतमी. दोन मिनिटांत ओळखतील. मग बघायचं काय राहिलं? मासेमाराच्या घरी उतरणाऱ्या माणसाचं आडनाव कसं, तिथे शोभणारं हवं."

"मग नाडकर्णी व्हा," मी म्हणालो. "सारस्वत. मासे खातात, आणि गोव्यापासून मुंबईपर्यंत इतके पसरलेत की तुम्ही कुठले, असं कुणी विचारत बसत नाही."

मी गमतीने म्हणालो होतो. त्या काळी एका साप्ताहिकात विनोदी सदर लिहून मी पोट भरत असे, त्यामुळे गंमत तोंडातून आपोआप यायची. पण भावोजी बँकेत तपासनीस होते. समोरचा माणूस गमतीने बोलू शकतो, ही शक्यता त्यांनी नोकरीत कधी धरली नव्हती.

"अरविंद नाडकर्णी," त्यांनी दोनतीनदा म्हणून पाहिलं. "चालेल."

"आणि मी?"

"तू मिसेस नाडकर्णी."

"अहो, पण मी मासे कशी खाऊ?"

इतक्या साध्या प्रश्नाला आमच्या बेतात जागाच नव्हती.

बेत असा होता. गौतमी ही ताईची एकुलती एक. पुण्यात औषधांच्या कंपनीत प्रयोगशाळेत कामाला होती. तिथेच काम करणारा संदेश कुबल तिने पसंत केला होता. जातीने गाबीत, म्हणजे मासेमार. वडिलांची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. शिवाय घराच्या दोन खोल्या पर्यटकांना देत. गौतमीने आईवडिलांना एवढंच सांगितलं होतं, "त्यांच्या घरी एकदा जाऊन या. नंतर नाही म्हणालात, तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही." आणि संदेशच्या वडिलांचीही अट एकच होती. मुलीचे आईबाप आपल्या पायांनी आमच्या उंबऱ्यात आले पाहिजेत. त्याशिवाय लग्न नाही.

दिवाळीला जातो म्हणाले, दिवाळी गेली. संक्रांतीला म्हणाले, संक्रांतही गेली. आणि मग भावोजींना त्या दोन खोल्यांचा शोध लागला. भाड्याने खोली घ्यायची, पर्यटक म्हणून राहायचं, घर पाहायचं, माणसं पाहायची आणि मुकाट्याने परत यायचं. "आधी कळवून गेलं की ती तपासणी राहत नाही, पाहुणचार होतो," ते म्हणाले. मला बरोबर घेतलं ते नजर तिरकी आहे म्हणून. मला हा प्रकार फार विनोदी वाटला. एक लेख सहज निघेल, असंही वाटलं.

देवगडच्या अलीकडे भावोजींनी गाडी थांबवायला सांगितली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना हापूसची कलमं होती, आणि मोहोर असा फुटला होता की पानं दिसत नव्हती. दगडी गडग्यापाशी एक म्हातारा आंबे काढायचा झेला दुरुस्त करत बसला होता.

"इथे चौकशी करतो," भावोजी म्हणाले. "शेजारचा माणूस खरं सांगतो."

मी त्यांच्या मागे उतरलो.

"आंबे आहेत का हो?" भावोजींनी सुरुवात केली. जानेवारी महिना होता.

म्हाताऱ्याने मोहोराकडे पाहिलं, मग भावोजींकडे. "आसत," तो म्हणाला. "पण अजून इले नाय."

"नाही, म्हणजे आगाऊ सांगून ठेवायचे होते."

"कोणाच्या नावान?"

"नाडकर्णी."

"बरा."

"पुढे कुबल म्हणून आहेत. रापणवाले. त्यांच्याकडे उतरणार आहोत. माणसं कशी आहेत?"

"किती दिवस रवतलास?"

"एक रात्र."

"एका रातीक चलतीत."

"मुलगा एक आहे ना त्यांना? तो कसा काय? दारूबिरू?"

म्हाताऱ्याने हातातली दोरी खाली ठेवली. "रात तुमका खोलीत काढूची आसा," तो म्हणाला. "झीलाच्या दारूचा तुमका काय पडला?"

भावोजी हसले. मीही हसलो. म्हातारा हसला नाही. त्याने गाडीकडे पाहिलं. मागच्या खिडकीत ताई बसली होती, आणि आमचं बोलणं तिला स्वच्छ ऐकू येत होतं.

"तुमका चेडू आसा काय?" त्याने विचारलं.

"काय?"

"मुलगी. मुलगी आहे का तुम्हाला?"

"नाही," भावोजी म्हणाले.

त्यांनी ते पटकन सांगितलं, आडनाव सांगितलं होतं तसंच. बेताच्या दृष्टीने उत्तर बरोबर होतं. मागे खिडकीची काच वर सरकल्याचा आवाज आला. गाडीत परत बसलो तेव्हा ताई समोर पाहत होती. मासळीचं आणखी एक गाव गेलं, पण तिने नाकाला पदर लावला नाही.

कुबलांचं गाव आचऱ्याच्या अलीकडे आहे. नाव सांगत नाही, कारण तिथे मला अजून जावं लागतं. नारळांच्या ओळी, ओळींच्या शेवटी घर, घरामागे सुरूची झाडं आणि त्यापलीकडे समुद्र. दारात संदेशची आई उभी होती. किनाऱ्यावरच्या बायका असतात तशी काटक, नाकात मोठी मोरणी. तिला सगळे शालनकाकी म्हणत. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग भावोजींकडे, आणि मग ताईकडे पाहत राहिली.

ताई आणि गौतमी यांच्यात वयाचा फरक सोडला तर दुसरा काही फरक नाही. तीच रुंद हनुवटी, बोलण्याआधी मान किंचित डावीकडे नेण्याची तीच लकब. हे आम्हा तिघांना गौतमीच्या जन्मापासून माहीत होतं. बेत आखताना मात्र ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

"येवा," शालनकाकी म्हणाली. "नाव काय म्हणालात?"

"नाडकर्णी," भावोजी म्हणाले.

"बरा," ती म्हणाली, आणि पाय धुवायला पाणी आणायला आत गेली.

भावोजींनी संध्याकाळपर्यंत सगळं तपासलं. विहीर, न्हाणीघर, देव्हारा, देव्हाऱ्यातलं निरांजन. संदेशचे वडील, आबा कुबल, ओसरीवर जाळ्याची भोकं विणत बसले होते. उघडेबंब, पांढऱ्या मिशा, हातात सुई. भावोजी विचारत होते आणि ते सांगत होते, कुठलाही प्रश्न त्यांना आगाऊ वाटला नाही. मुलाबद्दल विचारलं तेव्हा म्हणाले, "पुण्याक आसा. लगीन ठरताहा."

"अरे वा. मुलगी कुठली?"

"घाटावरची. चेडू गुणाचा. ऑगस्टात येवन चार दिवस रवला. पहिल्या दिवशी दारात उभी रवान म्हणाला, मी गौतमी गिजरे, मला मासे साफ करायला येत नाहीत, शिकवा." आबांनी गाठ मारली आणि दाताने दोरा तोडला. "हिणा शिकवल्यान. बोट कापून घेतल्यान बिचाऱ्यान."

भावोजींनी मान डोलावली. गौतमी ऑगस्टमध्ये ऑफिसच्या कामासाठी हैदराबादला गेली होती, असं आम्हाला सांगण्यात आलं होतं.

जेवणाची वेळ झाली तेव्हा शालनकाकी दारात आली. "मासे करू मां? नाडकर्णी म्हणजे तुमका होयेच."

"आज नको," भावोजी म्हणाले. "आज संकष्टी आहे."

"आज?"

"आमची वेगळी असते."

मी जमिनीकडे पाहिलं. लेखासाठी हे वाक्य सोन्यासारखं होतं, पण का कोण जाणे, ते टिपून घ्यावंसं वाटलं नाही.

"वेगळी तर वेगळी," शालनकाकी म्हणाली. "उपास चंद्र दिसल्यार सोडतलास मां? मग तेवा वाढतंय."

त्यामुळे आम्ही तिघं, भुकेने कासावीस होऊन, चंद्राची वाट पाहत अंगणात बसलो. चंद्राला आमच्या संकष्टीचं काही माहीत नसल्यामुळे तो बराच आधी उगवून डोक्यावर आला होता. शेवटी आबांनीच तो बोटाने दाखवला. "हो बघा. तुमचोच आसतलो," ते म्हणाले.

जेवायला काळ्या वाटाण्याचं सांबारं, आंबोळ्या, सोलकढी आणि नारळाच्या रसातली खीर. ताई चार घास जेवून थांबेल असं मला वाटलं होतं. ती पोटभर जेवली. शालनकाकीने हे सगळं स्वयंपाकघरात न करता पडवीतल्या वेगळ्या चुलीवर केलं होतं. भांडी कोरी करकरीत होती. सांबाऱ्याच्या पातेल्याच्या बुडाला दुकानाची चिकटपट्टी तशीच होती, अर्धी जळालेली.

"पर्यटकांवर छाप पाडायला," मी भावोजींच्या कानात म्हणालो.

"दिखाऊपणा आहे थोडा," ते म्हणाले.

सकाळी किनाऱ्यावरून हाका ऐकू आल्या. रापण लागली होती. होडीने लांबून गोल घालत जाळं सोडलेलं, त्याची दोन टोकं किनाऱ्यावर, आणि दोन्ही दोरांना अर्धा गाव लागलेला. आबांनी आम्हाला हाक मारली. "येवा नाडकर्णीनू. दोराक हात लावलो त्येका वाटो."

भावोजींनी पँट गुडघ्यांपर्यंत दुमडली आणि दोर धरला. मी मागे धरला. तासभर ओढत होतो. लाट आली की सगळे मागे झुकायचे, गेली की दोन पावलं मागे सरायचे. मध्येच एक बाई म्हणाली, "ओ पावणे, दोर ओढूचो आसता, धरून फोटो काढूचो नसता." भावोजी खळखळून हसले. मी त्यांना इतक्या वर्षांत तसं हसताना पाहिलं नव्हतं. त्यांच्या पांढऱ्या पोटऱ्यांना वाळू लागली होती आणि ते दहा वर्षांनी लहान दिसत होते. मला वाटलं, झालं, जमलं. परत जाताना हेच गाडीत म्हणतील, मुलगा चांगला आहे, माणसं चांगली आहेत, आणि सगळं सुरळीत होईल. आमचं सोंग आमच्यापाशीच राहील.

जाळं वर आलं. बांगडे, तारल्या, थोडे सरंगे. आबांनी वाळूवर वाटे घालायला घेतले. त्या गावची रीत आबांनीच मला ओढता ओढता सांगितली होती. ज्याने दोर ओढला त्याला वाटा. जो आजारी आहे, जी प्रसूतीला गेली आहे, जो येणार होता पण पोचला नाही, त्यालाही वाटा. मात्र ज्याचा वाटा त्यानेच किंवा त्याच्या घरच्यानेच उचलायचा. दुसऱ्याने हात लावायचा नाही. नाही उचलला, तर तो कावळ्यांचा. तो परत ढिगात टाकत नाहीत.

आबा एकेक वाट्यापाशी उभे राहून नाव घेत होते, आणि माणसं येऊन उचलत होती.

"भागीरथीचो." एक म्हातारी आली.

"मोतीरामाचो." मोतीराम इस्पितळात होता, त्याची सून आली.

"नाडकर्ण्यांचो."

भावोजी पुढे झाले. कुणीतरी प्लास्टिकची पिशवी दिली, कुणीतरी त्यात मासे भरायला मदत केली. दोन बोटांत पिशवी धरून, हात अंगापासून लांब ठेवून ते उभे राहिले.

वाळूवर एक वाटा उरला. इतरांपेक्षा जरा मोठा, वर दोन सरंगे, नीट रचलेले.

"ह्यो कराडच्या गिजऱ्यांचो," आबा म्हणाले.

गर्दीत कुणी हललं नाही.

"ते खंय आसत?" मघाची फोटोवाली बाई म्हणाली. सगळं ठरवून विचारल्यासारखं नव्हतं ते. तिला खरंच वाटत असावं की विचारायला हवं.

"येतले," आबा म्हणाले. "दिवाळीक येतंव म्हणाले. मग संक्रांतीक म्हणाले. चेडू येवन गेला. आवस-बापूस येवचे आसत. येणाऱ्याचो वाटो ठेवूचो लागता."

ते आमच्याकडे पाहत नव्हते. दुसरंही कुणी पाहत नव्हतं. साठ-सत्तर माणसं समुद्राकडे, होडीकडे, आपापल्या टोपलीकडे पाहत होती. कुणी हसलं नाही. लोकांना हसवण्यावर मी आयुष्य काढलं. त्या सकाळी पहिल्यांदा वाटलं, देवा, यांतलं कुणीतरी हसू दे.

मग आबा भावोजींकडे वळले आणि अगदी साध्या आवाजात, शुद्ध बोलायचा प्रयत्न करत म्हणाले, "नाडकर्णी, तुम्ही फिरणारी माणसं. कधी कराडला गेलात तर गिजऱ्यांना एवढं सांगा. म्हणावं, तुमच्यासाठी घरात नवी भांडी आणून ठेवलीत. ते शाकाहारी आहेत ना. माशाला लागलेलं भांडं त्यांना चालायचं नाही, म्हणून हिने दिवाळीच्या आधीच आणली. पडवीत वेगळी चूल घातली. काल पहिल्यांदा वापरली. तुमची संकष्टी होती म्हणून."

आता बोलायची वेळ होती. भावोजींनी तोंड उघडलं.

"सांगतो," ते म्हणाले.

मी त्यांच्या बाजूलाच उभा होतो. मीही बोलू शकलो असतो. मी त्यांच्या हातातल्या पिशवीकडे पाहत राहिलो. तिच्यातून थेंब थेंब पाणी गळत होतं.

आबांनी मान हलवली आणि ते दोर गुंडाळायला गेले. पहिला कावळा होडीच्या टोकावर येऊन बसला. मग दुसरा. माणसं पांगायला हवी होती, पांगली नाहीत.

ताई वर सुरूच्या झाडांत शालनकाकीशेजारी उभी होती. ती खाली आली. चपला तिने वरच सोडल्या होत्या. एवढ्या माणसांमधून चालत ती त्या वाट्यापाशी आली आणि इरकलीचा पदर पसरून वाळूत बसली. आयुष्यात तिने मासा हातात धरला नव्हता. अंडं फोडलेलं भांडं ती तीनदा घासून घेई. पहिला सरंगा तिच्या हातून निसटला. तिने तो पुन्हा उचलला, पदरात ठेवला. मग दुसरा. मग बांगडे, एकेक करून.

"ताई, अगं," मी म्हणालो.

"तू गप्प बस."

आबा दोर टाकून आले. तिच्यासमोर उभे राहिले. रीत म्हणजे रीत.

"बाय," ते म्हणाले, "तो वाटो गिजऱ्यांचो आसा. तुमी कोण?"

ताईने मान किंचित डावीकडे नेली. "मी गिजरे," ती म्हणाली. "मला मुलगी आहे. गौतमी."

शेवटचे शब्द तिने आबांना सांगितले नव्हते. ते भावोजींना होते, आणि ते भावोजींना ऐकू गेले.

शालनकाकी तोवर पोचली होती. तिने खाली वाकून ताईचा पदर दोन्ही हातांनी सावरला, माशांसकट. "द्या हय," ती म्हणाली. "ह्येंचा मी बघतंय. तुमी हात धुवा नि चाय घेवा. तुमच्या भांड्यांका मी ह्ये लागूक देवचंय नाय." मग जरा थांबून, "लुगडा मात्र गेला विहीणबाई. वास जावचो नाय."

"राहू दे," ताई म्हणाली.

दोघी मिळून पदर धरून वर चालू लागल्या. भावोजी जागच्या जागी उभे होते. त्यांनी एकदा आबांकडे पाहिलं, हात जोडायला गेले, तर हातात पिशवी. ती कुठे ठेवावी ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी ती माझ्या हातात दिली, हात जोडले, आणि "मी अरविंद गिजरे," असं म्हणाले. आवाज इतका बारीक होता की लाटेत गेला. आबांनी त्यांच्या जोडलेल्या हातांना आपला ओला हात लावला. "येवा," म्हणाले. "उंबऱ्यातसून येवा पुन्हा एकदा. काल कोण इल्ले ते आमी विसारलंव." आणि भावोजी, ओल्या पँटने, बायकोच्या मागून निघाले.

मी पिशवी धरून किनाऱ्यावर राहिलो.

लग्न वैशाखात झालं. ताईची ती इरकल अजून कपाटात आहे. वास खरंच गेला नाही, आणि तिने घालवायचा प्रयत्नही केला नाही. आबा आता नाहीत. वाटे संदेशचा चुलतभाऊ घालतो. दरवर्षी जानेवारीत मी तिकडे जातो, दोराला हात लावतो. वय झालंय, ओढणं कसलं, नुसता धरतो. ताई-भावोजी त्या दिवशी चारचौघांत आपलं नाव सांगून मोकळे झाले. मला कुणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. तो लेखही मी कधी लिहिला नाही.

वाटे पडतात, नावं घेतली जातात, आणि गौतमीची मुलगी शेजारी उभी असताना हाक येते, "नाडकर्णी मामांचो."

मी पुढे होतो आणि उचलतो. न उचलला, तर कावळे येतात.